मधपेटीची खरी परीक्षा पावसाळ्यात

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. गळीत आटोपले, खोडव्याची कामे मार्गी लागली आणि आडसाली लागणीच्या तयारीला आपले सभासद भिडले आहेत. अशा वेळी शेतकऱ्याच्या डोक्यात बेणे, खत, पाणी आणि सोसायटीचे कर्ज यांखेरीज दुसरे काही शिरत नाही, हे आम्ही जाणतो. तरीसुद्धा या अंकात आपल्या बांधावरच्या एका लहानशा लाकडी पेटीकडे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. आपल्या कार्यक्षेत्रात ज्या सभासद बंधू-भगिनींनी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत, त्यांच्या पेट्यांचे पुढच्या वर्षीचे भवितव्य येत्या चार महिन्यांत ठरणार आहे.

पेटीवाल्या सभासदांच्या तक्रारी येतात त्या बहुधा दसरा-दिवाळीच्या सुमारास. "अहो, पेटी उघडली तर आत नुसतं जाळं! माश्या गेल्या कुठं तेच कळंना." कुणी म्हणतो दृष्ट लागली, कुणी म्हणतो पेटी देणाऱ्यानेच दुबळ्या माश्या गळ्यात मारल्या. खरी गोष्ट निराळी असते. माशी गेलेली असते भाद्रपदात, आणि तिने जायचे ठरवलेले असते आषाढात. त्या दोन महिन्यांत पेटीकडे कुणी फिरकलेले नसते. ऊस पाण्यावाचून वाळू लागला तर पाने सांगतात, म्हैस उपाशी राहिली तर हंबरते. माशी बोलत नाही. ती उपाशी राहते, आणि एके दिवशी ऊन पडले की सगळ्या घरादारासह निघून जाते.

हिरवळ म्हणजे फुलोरा नव्हे

मधमाशीपालनाची पुष्कळशी पुस्तके विलायतेतल्या हवामानावर बेतलेली असतात. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते, फूल म्हणून दिसत नाही, माशी पेटीबाहेर पडत नाही. म्हणून तिकडचा शेतकरी हिवाळ्यासाठी माशीची बेगमी करतो. आपल्याकडे सगळे उलटे आहे. आपला हिवाळा हा माशीचा सुगीचा काळ, आणि सगळे रान हिरवेगार असते तो पावसाळा तिचा दुष्काळ.

हे ऐकून नव्या माणसाला नवल वाटते. "एवढी हिरवळ असताना माशी उपाशी कशी?" पण माशी पाने खात नाही. तिला फुलातला गोड रस, म्हणजे मकरंद लागतो आणि पराग लागतो. मकरंदाचा मध होतो, तो तिची भाकरी. पराग हे तिच्या पिल्लांचे कालवण. आषाढ-श्रावणात मकरंद देणारी फुले थोडी, जी आहेत त्यांतला रस पावसाने धुऊन जातो, आणि झड लागली की माशीला चार-चार दिवस दाराबाहेर पडता येत नाही. मक्याच्या तुऱ्यावरचा पराग उघडीप मिळाली तर हाती लागतो, पण नुसत्या कालवणावर घर चालत नाही.

त्यात आपल्या ऊसपट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. ऊस हे गवताच्या जातीचे पीक. त्याचा तुरा वाऱ्यावर फळतो, त्यात मकरंद नसतो. सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटरच्या टापूत चरते. त्या टापूत चहूकडे ऊसच ऊस असेल, तर आपल्या डोळ्यांना जी हिरवी समृद्धी दिसते ती माशीच्या लेखी माळरानच होय. उसाने आपली घरे उभी केली, मुले शिकवली, हे कुणी नाकारीत नाही. पण पेटी ठेवणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की उसाच्या भरवशावर माशी जगत नाही.

घरात कोण कोण असते

पेटीत एक राणी, काही हजार कामकरी माश्या आणि हंगामात काही शे नर असतात. अंडी घालणे हे राणीचे एकच काम. ती दोन-तीन वर्षे जगते. कामकरी माशी मात्र भर हंगामात राबून राबून सुमारे सहा आठवड्यांत संपते. म्हणजे आज पेटीत दिसणारी माशी दोन महिन्यांनी दिसणार नाही, तिच्या जागी दुसरी आलेली असेल. आता पावसाळ्यात खायला नसले की राणी अंडी घालणे कमी करते. जुन्या माश्या मरत जातात, नव्या पुरेशा येत नाहीत, आणि घर आतून पोकळ होते. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. दिवाळीत कारळा-तूर फुलेल तेव्हा मध गोळा करायला माणूसबळच उरलेले नसते. "औंदा मध कमी का?" याचे उत्तर श्रावणात असते, ते असे.

येथे दोन गोष्टींतला फरक सांगणे अगत्याचे आहे. भरल्या हंगामात घर वाढले की जुनी राणी निम्म्या-अर्ध्या माश्या घेऊन बाहेर पडते आणि मागे नवी राणी राज्य करते. याला घर फुटणे म्हणतात. भावाभावांनी वाटणी करावी तसे हे आहे, त्यात भीती नाही. पण उपासमार, किडा किंवा त्रास यांमुळे सगळीच्या सगळी वसाहत पोळे टाकून जाते, ते घर उठणे. आपली सातेरी माशी याबाबतीत फार मानी. तिला छळ सोसत नाही. पावसाळ्यात आपल्याला हे दुसरे टाळायचे आहे.

पावसाच्या आधी करावयाची कामे

एक. मधाचा वरचा कोठा रिकामा असेल तर काढून ठेवावा. माश्या थोड्या आणि घर मोठे झाले की रिकाम्या पोळ्यांची राखण त्यांच्याने होत नाही. खालच्या कोठ्यातसुद्धा माश्यांनी झाकलेल्या पोळ्यांच्या चौकटी तेवढ्या ठेवाव्यात, काळी पडलेली जुनी पोळी काढून मेणासाठी वितळवावीत.

दोन. दोन पेट्या दुबळ्या असतील तर पावसाच्या तोंडावर त्या एक कराव्यात. अधिक जुनी असेल ती राणी आधी काढावी. मग संध्याकाळी एका कोठ्यावर वर्तमानपत्राचा कागद पसरून त्याला टाचणीने चार-सहा भोके पाडावीत आणि दुसरा कोठा वर ठेवावा. माश्या दोन्हींकडून कागद कुरतडतात, तेवढ्या वेळात एकमेकींचा वास एक होतो आणि भांडण होत नाही. एकदम मिसळल्या तर मात्र एकमेकींना चावून मारतात. दोन दुबळ्या संसारांपेक्षा एक सबळ संसार पावसाळा काढतो. सहकारात वाढलेल्या सभासदांना हे आम्ही अधिक काय सांगावे!

तीन. पेटी जमिनीपासून सुमारे फूटभर उंच घोडीवर असावी, तोंड शक्यतो पूर्वेला आणि किंचित पुढे झुकलेली, म्हणजे आत आलेले पाणी दारातून निघून जाईल. वर पत्रा किंवा प्लॅस्टिकचा कागद टाकून दगड ठेवावा. पण सगळी पेटीच कागदात गुंडाळू नये. आत वाफ धरते आणि पोळ्यांना बुरशी येते.

चार. घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्या हा दुबळ्या पेटीचा मोठा वैरी आहे. वाटीत गवताची काडी पडली किंवा पेटीला झाडाची फांदी टेकली तरी मुंगीला तेवढा पूल पुरतो. तेव्हा आजूबाजूचे गवत कापावे आणि आठवड्यातून एकदा वाट्या पाहाव्यात.

तीन किलो साखरेचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. पावसाळ्यात माशीला खाऊ घालावे लागते, आणि ते म्हणजे साखरेचा पाक. एका पेटीला आठवड्याला २०० ग्रॅम साखर पुरते. तितकेच पाणी उकळून त्यात साखर विरघळवावी आणि पूर्ण थंड होऊ द्यावी. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पंधरा-सोळा आठवडे धरले तर एका पेटीला सारी मिळून साखर लागते सुमारे तीन किलो. सभासद म्हणून आपल्याला सवलतीच्या दरात जी साखर मिळते, तिच्यातली ही तीन किलो. चहाच्या हिशेबात ती कुठेच जाते. पेटीच्या हिशेबात मात्र तिच्यावर घर जगते की उठते हे ठरते.

पाक देण्याच्या रीतीला महत्त्व आहे. तो नेहमी दिवेलागणीनंतर आणि पेटीच्या आत द्यावा. पसरट वाटीत पाक घालून वर चार काड्या टाकाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत. बाहेर थेंबही सांडू नये. सांडला तर दुसऱ्या पेटीच्या माश्या वासावर येतात, लुटालूट सुरू होते आणि दुबळी पेटी एका दिवसात संपते. याच कारणासाठी सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी पाक द्यावा.

आणखी एक गोष्ट, आणि ती खास ऊसवाल्यांसाठी. पुष्कळजण विचारतात, "साखर कशाला, घरचा गूळ आहे की! काकवी चालंल का?" चालणार नाही. गुळात, काकवीत आणि मळीत साखरेशिवाय जे इतर पदार्थ असतात, ते माणसाला पौष्टिक असले तरी माशीच्या पोटाला पचत नाहीत. तिला हगवण लागते, आणि पावसामुळे बाहेर जाता येत नसल्याने ती पेटीतच घाण करते. बाजारातला कुठलाही मधसुद्धा खाऊ घालू नये, त्यातून दुसऱ्या वसाहतीचा रोग येण्याची भीती असते. स्वच्छ पांढरी साखर, तेवढीच.

आणि मधाचा कोठा चढवण्याआधी पाक बंद झाला पाहिजे. नाहीतर माशी तोच पाक वर साठवील आणि आपण साखरेचे पाणी मध म्हणून विकू. आपल्या सभासदाच्या नावाने बाजारात जाणारी बाटली सच्ची असावी, याबद्दल दुमत असू नये.

दर आठवड्याची पाहणी

पावसात पेटी उघडू नये, पिल्लांना गारठा बाधतो. उघडीप पाहून दहा-अकराच्या उन्हात पाच मिनिटांत पाहणी उरकावी. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पोळ्यात अंडी आहेत का? अंडी दिसली तर राणी शोधत बसण्याची गरज नाही, ती आहे. एकेका घरात दोन-तीन अंडी विस्कळीत पडलेली दिसली तर समजावे की राणी गेली आणि कामकरी माश्याच अंडी घालीत आहेत. अशा अंड्यांतून फक्त नर निघतात. जाणत्याचा सल्ला घ्यावा.

दुसरी, तळपाटावर काय पडले आहे? भुशासारखा चुरा आणि पोळ्यात रेशमी जाळी दिसली तर तो मेणकिडा. एक करडा पतंग रात्री फटीतून शिरून अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या मेण पोखरतात. घर उठण्याचे हे एक मोठे कारण आहे. तळपाट दर आठवड्याला खरवडून साफ करावा, फटी मेणाने किंवा शेणमातीने बुजवाव्यात आणि जाळी धरलेले पोळे काढून जाळावे.

तिसरी, पिल्ले कशी आहेत? निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी आणि वळलेली असते. अळी लांब ताठ झालेली, पिवळसर, आणि चिमट्याने उचलताच पाण्याच्या पिशवीसारखी निघाली, तर तो थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूचा रोग. १९९१-९२ या काळात केरळ, कर्नाटक, तमिळनाडू या भागांत या रोगाने सातेरी माश्यांच्या असंख्य वसाहती बसल्या आणि कित्येकांचा धंदा बुडाला. यावर खात्रीचे औषध नाही. रोगी पेटी दूर न्यावी, तिच्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नयेत, हत्यारे उकळत्या पाण्यात धुवावीत. खाऊनपिऊन सबळ असलेली वसाहत रोगाला अधिक तोंड देते, म्हणजे पुन्हा आपण त्या तीन किलो साखरेशी येतो.

हस्तानंतर सुगी

हस्ताचा पाऊस ओसरला की कारळा, तीळ, सूर्यफूल, पाठोपाठ तूर. पुढे धने, कांद्याचे डेंगळे, शेवगा. माघ-फाल्गुनानंतर जांभूळ, कडुलिंब, करंज. ही माशीची वर्षाची कमाई. घर भरून आले की वरचा कोठा चढवावा. थंडीत रात्रीचा गारठा वाढला तर दार थोडे लहान करावे, एवढेच. जुनी झालेली राणी बदलायची ती याच काळात.

मध काढताना चौकटीतली बहुतेक घरे मेणाने बंद झालेली असतील तेव्हाच काढावा. उघड्या घरांतला मध पातळ असतो आणि बाटलीत आंबतो. मध वरच्या कोठ्यातलाच घ्यावा. खालचा मध पिल्लांच्या वाट्याचा आहे. शेवटच्या वेळी हात आखडता घ्यावा. चैत्रात अधिक काढलेला प्रत्येक किलो आषाढात साखर होऊन परत द्यावा लागतो.

उन्हाळ्यात पेटीला सावली हवी आणि जवळ पाणी हवे. पसरट परातीत खडे टाकून पाणी भरावे, म्हणजे माशीला बसायला जागा होते. पिल्लांच्या भागात माश्या सुमारे ३३ ते ३५ अंश उष्णता राखतात. बाहेर चाळीस अंश झाले की त्या पाणी आणून पंखांनी वारा घालतात. पाणी लांब असेल तर सारी शक्ती त्यातच जाते. पेटीवर ओले पोते टाकावे.

आपल्यापुरते एवढे

सातेरीची एक पेटी वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते. त्यावर कुणी बंगला बांधणार नाही. पण ज्या सभासदाचा दीड-दोन एकर ऊस आहे आणि ज्याला दोन बिलांच्या मधल्या काळात हात पसरावा लागतो, त्याच्या घरात चार पेट्या म्हणजे पोरांच्या वह्या-पुस्तकांचा आधार आहे. शिवाय कांदा बियाणे घेणाऱ्यांना विचारा. कांद्याच्या एका फुलातला पराग आधी झडतो आणि त्याच फुलाचा स्त्रीभाग मागाहून तयार होतो. तेव्हा दुसऱ्या फुलावरून पराग आणणारे कुणीतरी लागते. माशी नसेल तर डेंगळा उभा राहतो आणि बी भरत नाही. म्हणून तर बियाणेवाले आणि डाळिंबवाले पेट्या भाड्याने आणतात.

ज्यांच्याकडे पेट्या नाहीत त्यांनाही तीन गोष्टी करता येतील. फुलोऱ्यातल्या पिकावर औषध मारायचे झाले तर दिवस मावळताना मारावे आणि शेजारच्या पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगावे. गुऱ्हाळ असेल तर रसाच्या भांड्यांवर जाळी किंवा कापड टाकावे, तेथे बुडून मरणाऱ्या माश्या कुणाच्या तरी पेटीतल्याच असतात. आणि या पावसात बांधावर, पाटाकडेला चार झाडे लावावीत: जांभूळ, करंज, शेवगा, कडुलिंब. ऊस मोडायला कुणी सांगत नाही, पण बांध तर आपलाच आहे.

शिकण्याची सोय आपल्या जवळच आहे. पुण्यास १९६२ पासून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरास राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तेथे डोंगरातला धुवाधार पाऊस आहे, आपल्यापेक्षा कितीतरी अधिक. तरी त्या गावाने माशी सांभाळली. मग आपल्या कार्यक्षेत्रातल्या बेताच्या पावसात आपली माशी उपाशी का उठावी?

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, यंदाची साखर घरी नेल्यावर प्रत्येक पेटीमागे तीन किलो बाजूला काढून डब्यावर तशी चिठ्ठी लावावी, म्हणजे घरातली मंडळी ती वापरणार नाहीत. आणि पावसाने जरा उघडीप दिली की पेटी मागून एका हाताने किंचित उचलून पाहावी. हाताला जड लागली तर आत अन्न आहे. हलकी लागली, तर त्याच संध्याकाळी चुलीवर पाणी ठेवावे.